मुलांची सुट्टी वाडीने मिळून आखावी

मे महिना आला की कोकणातल्या पालकांपुढे दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. शाळा बंद होते ती थेट जूनच्या मध्यावर उघडते, आणि नेमक्या याच दिवसांत घरातल्या मोठ्या माणसांना उसंत नसते. आंब्याची काढणी, पेट्या भरणे, काजू, रातांबे म्हणजे कोकमाची फळे, लाकूडफाटा, पावसाआधीची शाकारणी, शिवाय मुंबईहून आलेले चाकरमानी, या सगळ्यांत मुलांकडे बघायला कोणाला वेळ मिळत नाही. मग ज्यांना परवडते ते हजारो रुपये भरून मुलांना शिबिराला पाठवतात आणि बाकीच्या घरांत मुलांच्या हाती मोबाइल जातो. माझे स्पष्ट मत आहे की समुद्रकाठच्या गावात मुलांची सुट्टी चांगली जायला पैसे फारसे लागत नाहीत. रोज कोणातरी एका मोठ्या माणसाचे दोन तास मात्र लागतात, आणि ते एका घराला शक्य नसले तरी दहा घरांच्या वाडीला सहज शक्य आहेत.

पाळी लावावी. आठवड्यातली एक सकाळ एका घराने घ्यावी, आणि त्या घराला जे येते तेच त्याने मुलांना दाखवावे. वेळ सकाळी सात ते नऊ, फार तर साडेनऊ. त्यानंतरचे ऊन आणि घाम मुलांना सोसत नाही. दुपार ओटीवर पत्ते, सागरगोटे आणि वाचनासाठी मोकळी सोडावी. प्रत्येक तास कशाने तरी भरलाच पाहिजे, असा आग्रह मला मान्य नाही.

खाडीकाठच्या मुलांसाठी पहिला उपक्रम भरती-ओहोटीचा असावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला भिंतीवरचे कॅलेंडर, एक वही आणि बांबूची काठी एवढेच साहित्य लागते. आपल्याकडचे जुने खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत आले आहेत: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्याने दुपारी तीनची वेळ आली तर पहाटेचीही साधारण तीच धरता येते. मुलांनी आदल्या संध्याकाळी वेळ काढून वहीत लिहावी, काठीवर वितीवितीवर खुणा कराव्यात, ती धक्क्याजवळ मोठ्या माणसाकडून घट्ट रोवून घ्यावी आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले ते काठावरूनच पाहून नोंदवावे. चार-आठ दिवसांत त्यांच्या लक्षात येते की हिशेब आणि पाणी तंतोतंत जुळत नाहीत. मग खाडीत आत जावे तशी भरती उशिरा का पोचते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वरच्या खुणा का गाठते आणि अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ते मधेच का थांबते, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. पाचवीतल्या मुलाला अपूर्णांकांचा इतका चांगला सराव दुसरीकडे क्वचितच मिळेल. तिथीचे गणित समजलेली मुले कुर्ल्या-कालवांसाठी खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत, कधी उतरायचे आणि कधी परतायचे, हेही शिकतात, आणि समुद्राकाठी वाढणाऱ्या मुलांना ते आलेच पाहिजे.

दुसरा उपक्रम आमसुलांचा. मुलांना नुसते बघत बसवू नये, काम द्यावे. रातांबा धुऊन दोन भाग करायचे, आतला गर आणि बिया एका भांड्यात काढायच्या, सालांचे अर्धे वाटे दुसऱ्या भांड्यात ठेवायचे. बियांच्या रसात मीठ घालायचे, साले त्यात बुडवायची, उन्हात पसरायची, आणि सुकत आली की पुन्हा त्याच रसात बुडवायची. ही पुटे देता देता तांबडी साल हळूहळू काळीभोर होते. कोणत्या दिवशी कितवे पुट दिले, ऊन कसे होते, सालीचे वजन किती उतरले हे मुलांनीच लिहावे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सुरी द्यायची गरज नाही. पिकलेला रातांबा हाताने दाबूनही फुटतो. कपडे मात्र जुने घालावेत, कारण तो डाग निघत नाही. तयार आमसुले सगळ्या घरांत सारखी वाटावीत.

राजापूर तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे येथे, तसेच रत्नागिरी तालुक्यात उक्षी येथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पे म्हणजे खडकात खोदलेल्या जुन्या आकृत्या आहेत. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली. जवळ राहणाऱ्यांनी मुलांना तिथे अगदी सकाळी न्यावे. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषा ठळक दिसतात, आणि दहानंतर जांभा तापून तिथे उभेही राहवत नाही. दोरीने मापे घेऊन चौकटीच्या कागदावर आकृती उतरवणे हा उत्तम अभ्यास आहे. रेषांमध्ये खडू भरणे, त्यावर पाय देणे किंवा पाणी ओतणे मात्र पूर्णपणे टाळावे.

एखादी सहल करायची तर एसटीने करावी. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे आणि २०२३ पासून महिलांनाही निम्मे, त्यामुळे आया-मावश्यांनी मुलांना घेऊन रत्नागिरीला जाणे हे खाजगी गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. झाडगावचे मत्स्यालय, टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा एका दिवसात होतात. सोबत डबा आणि पाणी घ्यावे.

पोहण्याबाबत मी कडक आहे. पोहायला शिकवायचे ते विहिरीत किंवा माहितीच्या डोहात, पाठीला दोन सुके असोले (न सोललेले) नारळ बांधून, आणि पट्टीचा पोहणारा पाण्यात सोबत असतानाच. समुद्रात शिकवू नये, आणि मेच्या अखेरीस तर मुलांना लाटांत सोडूच नये.

हे सगळे ठरवताना एक गोष्ट डोळ्यांआड होते, आणि तिचे मला फार वाईट वाटते. बागेत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, चिरेखाणीवर कामाला आलेल्या मजुरांची मुले याच वाडीत असतात, पण त्यांना कोणी बोलवत नाही. आई-वडील दिवसभर कामावर असल्याने खरी गरज त्यांनाच जास्त असते. म्हणून वर्गणी ठेवू नये. ज्याच्या घरी जे आहे ते त्याने द्यावे, कोणी पोहे, कोणी नारळ, कोणी जुन्या वह्यांची कोरी पाने. पाळी लावतानाच ज्येष्ठांपैकी कोणीतरी त्या घरी स्वतः जाऊन मुलांना बोलावून आणावे. निरोप पाठवला तर ती माणसे संकोचाने येत नाहीत.

मेच्या शेवटी दोन कामे उरतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. कोळी बांधवांना विचारून मुलांना जाळ्याच्या गाठी शिकायला बसवावे. आणि सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवून पर्जन्यमापक करून ठेवावा. बाटली तळाशी सपाट नसेल तर खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे. त्यावर जितके मिलिमीटर पाणी चढेल तितके मिलिमीटर पाऊस पडला. ती बाटली झाडापासून दूर, उघड्या अंगणात ठेवावी, रोज सकाळी आठ वाजता आकडा वहीत उतरवावा, आणि मुंबईला परतलेल्या भावंडांना तो फोनवर कळवायचे काम गावातल्या मुलांकडे द्यावे.