‘डार्विनला घाबरून वचन वाकवलं’ म्हणणाऱ्या बंधूंना उत्तर

सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच धरले पाहिजेत असं नाही, आणि पृथ्वी सहा हजार वर्षांपेक्षा कितीतरी जुनी मानूनही माणूस बायबलवर पूर्ण विश्वास ठेवू शकतो, असं मी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर लिहिलं होतं. त्यावर ‘एक विश्वासी’ या नावाने लांबलचक कमेंट आलीय. त्यांचं म्हणणं असं, की मी ‘तथाकथित ख्रिस्ती’ आहे, निर्गम २०:११ (देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे वचन) मुद्दाम गाळलं, प्राचीन चर्चचा थोर शिक्षक ऑगस्टीन याचं सोयीचं तेवढंच सांगितलं, आदामाच्या पापाआधी मरण नव्हतं तर जीवाश्म आले कुठून याचं उत्तर दिलं नाही, आणि ‘डार्विन येईपर्यंत एकाही ख्रिस्ती माणसाला हे जुन्या पृथ्वीचं खूळ सुचलं नव्हतं, जगाला घाबरून तुम्ही लोकांनी वचन वाकवलंत!!!’ शेवटी, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’

बंधू, प्रार्थना जरूर करा, मला तिची गरज आहेच. पण आधी माझं तारण झालंय की नाही याचा निकाल स्वतःच लावून टाकायचा आणि मग हात जोडायचे, ही कुठली पद्धत? आपल्यात मतभेद असतील, असू देत ना. पण मी ख्रिस्ती आहे की तथाकथित ख्रिस्ती हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुठल्या मंडळीने दिला ते तरी कळू द्या, आणि तेही नाव न सांगता.

ऑगस्टीनचं तुमचं बरोबर आहे, मान्य. माणूस निर्माण होऊन सहा हजार वर्षंसुद्धा झालेली नाहीत असंच तो मानत होता. चौथ्या शतकातला बिशप बासिल आणि प्रोटेस्टंट सुधारक लूथर यांनी दिवस साधे दिवसच धरले हेही खरं. झालं समाधान? पण तोच ऑगस्टीन हेही लिहून गेलाय की ते दिवस कसले होते याची कल्पना करणंसुद्धा आपल्याला अवघड, कदाचित अशक्यच, आणि देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं असं त्याचं मत होतं. म्हणजे तुमचे सहा चोवीस तासही त्याच्याकडे नाहीत. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ओरिजन या ख्रिस्ती विद्वानाने सरळ विचारलं होतं की सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी झाले तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कुठल्या शहाण्या माणसाला शब्दशः घेता येईल. ओरिजनला कुणाची भीती होती सांगा बरं?

आता ते तुमचं ‘डार्विन येईपर्यंत एकाही’ वालं वाक्य. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ चं. थॉमस चाल्मर्स हा स्कॉटलंडचा नावाजलेला उपदेशक, त्याने उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये प्रचंड मोठा काळ गेला असावा हे १८१४ सालीच मांडलं होतं, तेव्हा डार्विन पाच वर्षांचा होता हो. पाच वर्षांच्या पोराला घाबरला का चाल्मर्स? अॅडम सेजविक घ्या, स्वतः पाद्री, केंब्रिजला भूगर्भशास्त्राचा प्रोफेसर. आधी तो जमिनीवर पसरलेले गाळ-गोट्यांचे थर नोहाच्या जलप्रलयाचे मानायचा, १८३१ साली त्याने जाहीरपणे ते मागे घेतलं, कारण खडक स्वतः फिरून पाहिले होते. डार्विनला खडक वाचायला यानेच शिकवलं, आणि गंमत म्हणजे डार्विनचा सिद्धांत त्याने शेवटपर्यंत मानला नाही. पृथ्वी मात्र जुनीच मानली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या गावीही नाही. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं हा आकडा तर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्केतल्या शिशावरून काढला १९५६ साली, तोवर ही सगळी मंडळी कधीच मातीत गेली होती.

आणि उत्क्रांतीच्या विरोधात कोर्टात उभा राहिलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन, उत्क्रांती शिकवणाऱ्या शिक्षकावरचा १९२५ चा तो अमेरिकेतला गाजलेला स्कोप्स खटला, त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात काय सांगितलं माहितीये? की ते चोवीस तासांचे दिवस असतीलच असं नाही, निर्मितीला लाखो वर्षंही लागली असतील. तोही तथाकथितच का? आज मंडळ्यांमध्ये ज्या पद्धतीने तरुण पृथ्वी (म्हणजे पृथ्वी काही हजार वर्षांचीच) शिकवतात तिचा एवढा प्रसार झाला तो १९६१ मध्ये व्हिटकम आणि मॉरिस यांचं जलप्रलयावरचं पुस्तक आल्यावर. म्हणजे नवं काय आणि जुनं काय ते जरा तपासून बोलत चला.

‘घाबरून’ म्हणताय म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. मी पाळकाच्या घरात वाढलोय. आमच्याकडच्या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये उत्पत्ती १:१ च्या बाजूला समासात ४००४, म्हणजे सृष्टीचं वर्ष इ.स.पू. ४००४, असं छापलेलं होतं, आणि तो आकडा आर्चबिशप अशरने १६५० साली बायबलमधल्या वंशावळींतल्या वयांची बेरीज करून काढलाय हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं तोही मोशेनेच लिहिलाय. कॉलेजात तुमच्याच बाजूची पत्रकं मीच वाटायचो, प्राध्यापकांशी भांडायचो. तेव्हा मला विज्ञानाने हलवलं नाही. हलवलं ते संडे स्कूलचा धडा तयार करताना बायबलनेच. उत्पत्ती ११ मध्ये अर्पक्षदाला पस्तिसाव्या वर्षी शेलह झाला, आणि लूक ३:३६ मध्ये त्या दोघांच्या मध्ये केनान बसलाय! जुन्या कराराच्या ग्रीक प्रतीतली वयं धरली तर सृष्टीचं वर्ष इ.स.पू. ५५०० च्या आसपास जातं. मग बेरीज कुठली धरायची? वचन वाकवणं सोडा, मी ते फक्त पुढेपर्यंत वाचलं.

निर्गम २०:११ मी गाळलं नाही, जागा नव्हती, आणि त्याने काही सिद्धही होत नाही. तिथे शब्बाथाचा, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचा, नमुना दिलाय, घड्याळ नाही. मरणाबद्दल रोमकरांस ५:१२ नीट वाचा, मरण सर्व माणसांमध्ये पसरलं असं आहे, डायनासोरमध्ये नाही. यावर बोलता येईल, पण या सुरात विचारणाऱ्याशी मी ते बोलणार नाही, सॉरी.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. आणि येताना मत्तय १:८ आणि पहिला इतिहास ३:११-१२ शेजारी शेजारी ठेवून बघा, योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे मत्तयाने का सोडले ते सांगा. मग वंशावळींची बेरीज करायला बसू.