चार मीटर कापड

आज सकाळी आमच्या वाचनगटात व्हिएतनामी कथांचा विषय निघाला आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी तो एका वाक्यात निकालात काढला: "युद्ध १९७५ साली संपले, हे लोक अजून किती वर्षे रडणार?" मी तिथे गप्प बसलो, आणि त्याचाच राग अजून उतरलेला नाही.

व्हिएतनामी लेखक न्गुयेन हुय थिएप यांची १९८७ सालची 'निवृत्त सेनापती' ही कथा त्यांनी वाचली असती, तर तिच्यात रडणे जवळजवळ नाहीच, हे त्यांना कळले असते. सारे आयुष्य सैन्यात काढलेला जनरल घरी परततो आणि नोकरमाणसांसकट प्रत्येकाला चार-चार मीटर लष्करी कापड वाटतो. घरच्यांना त्याची गंमत वाटते.

माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांनी कँटीनमधून एकसारखे सहा एनॅमलचे मग आणले आणि प्रत्येकावर स्वतः रंगाने नाव घातले, गड्याचेसुद्धा. आम्ही भावंडे पोट धरून हसलो. आईने ते मग माळ्यावर टाकले.

थिएप यांच्या कथेतली सून प्रसूतिगृहात डॉक्टर आहे. तिथले गर्भपाताचे अवशेष ती घरी आणते आणि ते शिजवून, कमाईसाठी पाळलेल्या कुत्र्यांना घातले जातात. सासऱ्याला हे कळते तेव्हा तो हादरतो, मुलाला मात्र ते आधीच ठाऊक असते. कथा हा मुलगाच सांगतो, जमाखर्च मांडावा तितक्या कोरडेपणाने. मला त्या सुनेपेक्षा त्याचीच भीती वाटते, कारण वडिलांचे ते मग पाहून हसणाऱ्यांत मीही होतो.

काही कथांत दुःखाचा रतीब असतो, हे मान्य. पण न्गुयेन न्गोक तू या लेखिकेचा जन्मच १९७६ सालचा. त्यांच्या 'अंतहीन शेते' या २००५ सालच्या दीर्घकथेत बायको सोडून गेल्यावर बाप घर जाळतो आणि बदकांचे कळप घेऊन मेकाँगच्या खोऱ्यात भटकत राहतो; बोलायला कोणीच नसल्यामुळे त्याची दोन मुले बदकांची भाषा शिकतात. ही जखम कोणत्या युद्धाची, ते त्या गृहस्थांनी सांगावे. त्यांच्या कामाऊ प्रांतातल्या अधिकाऱ्यांनीही या कथेसाठी लेखिकेलाच धारेवर धरले होते, म्हणजे आमचे गृहस्थ एकटे नाहीत.

दुपारी माळ्यावर चढलो. एकच मग सापडला, तळाशी पोचा आलेला, नावाचा रंग पार उडालेला. आईला विचारले, तर ती म्हणाली, "गड्याचा असेल. बाकीचे तुझे वडील गेल्यावर मोडीत घातले."