‘नळी लागली म्हणजे संपलं’ : एका फॉरवर्डला उत्तर

घरात तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा पेशंट असला की हा मेसेज कुठून तरी येतोच. ‘नाकात नळी घालू देऊ नका, ती शेवटची पायरी. नळीतलं अन्न कॅन्सरलाच पोसतं. एकदा नळी लागली की माणूस पुन्हा गिळत नाही. चमच्याने डाळीचं पाणी पाजा.’

शेवटची पायरी कशी? रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, थुंकी गिळणंही नको होतं. नळी घालतात ती उपचार पुरे व्हावेत म्हणून. वजन फार उतरलं तर रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून लावलेला चेहऱ्याचा मास्क सैल होतो, कधी रेडिएशनची सगळी आखणी नव्याने करावी लागते. मध्ये खंड पडला, तर फावतं कॅन्सरचं.

कॅन्सरला उपाशी मारायचं म्हणाल, तर आधी पेशंटचं मांस झडतं. बाहेरून अन्न आलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं. गाठीला ती मिळतेच.

डाळीच्या पाण्यावर मात्र माझा खास राग आहे. ६० किलोच्या माणसाला या काळात दिवसाला अंदाजे १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. वरचं निवळ पाजून आपण समाधान मानतो, डाळ बसते पातेल्याच्या तळाशी! शिवाय ठसका लागत असताना चमच्याने भरवलेलं फुप्फुसात जाऊ शकतं.

नळीतून घरचंही जातं, फक्त आहारतज्ज्ञाला विचारून. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व शिजवल्यावरही पातळ राहतं, म्हणून साध्या पिठापेक्षा जास्त घालता येतं. त्यात दूध, चमचाभर तेल. मिक्सरमधून काढायचं आणि बारीक गाळणीने गाळायचं. एक कण राहिला की नळी तुंबलीच. पेशंटला बसवून सिरिंजने सावकाश द्यायचं, आधी-नंतर पाणी सोडायचं आणि तासभर तरी आडवं होऊ द्यायचं नाही.

‘पुन्हा गिळत नाही’ यात थोडं तथ्य आहे. गिळणं पूर्ण थांबलं तर घशाचे स्नायू आखडतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर नळी असतानाही घोट-घोट पाणी चालू ठेवायचं, गिळण्याचे आणि जबडा उघडण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत. गुटख्याने तोंड आधीच आखडलेलं असेल तर ते जास्तच गरजेचे. बऱ्याच जणांची नळी निघते. काहींची महिनोन् महिने राहते, मग पोटातून बसवतात. थोड्यांची कायमची राहते, हेही खरं.

भीती बाळगायचीच तर नळी सरकण्याची बाळगा. नळीवर नाकपुडीपाशी पेनाने खूण करून ठेवा आणि प्रत्येक वेळी देण्याआधी बघा. खूण हलली असेल, खोकला किंवा धाप लागत असेल, तर काहीही सोडू नका. घरी आत ढकलू नका, दवाखाना गाठा. पोटातली नळी निघून आली तर त्याच दिवशी, ताबडतोब. ते छिद्र काही तासांत आकसायला लागतं.