बाई मेली की मुहूर्त काढा

सिनेमात नाव काढायचंय, गाठीला पैसा बेताचा आहे आणि मोठे निर्माते तुमचा फोन उचलत नाहीत? मग प्रेमकथेच्या नादी लागू नका. ऐतिहासिक तर मुळीच नको. घोडे, तलवारी आणि दुखावलेल्या भावना, या तिन्हींचा खर्च आपल्यासारख्याला परवडत नाही. एखादी खुनी बाई शोधा. खरीखुरी, आणि एकाहून जास्त खून केलेली. एका खुनात हल्ली वेब सिरीजचा पहिला सीझनही भागत नाही.

पुरुष नको. त्या मालाने बाजार कधीच भरलाय. शिवाय पुरुषाने माणसं मारली की लोक विचारतात, किती? बाईने मारली की विचारतात, अगं बाई, का? आणि या 'का'वर दोन तासांचा सिनेमा आरामात उभा राहतो.

नमुना म्हणून समोर ठेवा 'मॉन्स्टर'. 2003 सालचा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्स, तिचा पहिलाच मोठा चित्रपट. खर्च साधारण 80 लाख डॉलर, गल्ला जगभरातून 6 कोटी डॉलरच्या वर, शिवाय एक ऑस्कर. कच्चा माल म्हणजे आयलीन वुर्नोस. फ्लोरिडाच्या हायवेवर लिफ्ट मागत धंदा करणारी बाई. 1989 च्या नोव्हेंबरपासून वर्षभरात तिने सात पुरुषांना गोळ्या घातल्या. 'अमेरिकेची पहिली स्त्री सिरियल किलर' अशी पाटी पत्रकारांनी लगेच लावली. ती खरी नव्हती. तिच्या कितीतरी आधी, 1908 च्या सुमाराला, बेल गनेस नावाची बाई लग्नाच्या जाहिराती देऊन आलेले उमेदवार शेतात पुरत होती. पण पोस्टरवर 'पहिली' हा शब्द शोभतो. तुम्हीही लिहा, कोण तपासतंय.

आता माल तयार कसा होतो ते बघू. इथे घाई करायची नाही, मुरू द्यायचं. आयलीन चार वर्षांची व्हायच्या आत आई तिला आणि भावाला आजी-आजोबांकडे टाकून निघून गेली. बापाला तिने कधी पाहिलं नाही. तो लहान मुलीवरच्या अत्याचारासाठी तुरुंगात गेला आणि तिथेच 1969 मध्ये गळफास लावून मेला. चौदाव्या वर्षी पोरीला दिवस गेले, मूल दत्तक देऊन टाकलं. त्याच सुमाराला आजी वारली, आजोबांनी घराबाहेर काढलं, आणि पंधरा वर्षांची मुलगी मिशिगनच्या थंडीत घराजवळच्या झाडीत राहू लागली. देह विकून पोट भरू लागली.

तुमच्या लक्षात आलंच असेल, यातल्या कुठल्याही टप्प्यावर कुणी मध्ये पडलं असतं तर सिनेमा हातचा गेला असता. पण शेजारपाजार, शाळा, सरकारी खाती, सगळ्यांनी कमालीचा संयम पाळला. तेव्हा तुमच्या इमारतीत रात्री एखादी पोर जिन्यात बसून रडत असेल, तर दार हळूच लावून घ्या. वीस वर्षांनी हक्क विकत घेता येतील.

'मॉन्स्टर'ची सुरुवातच मुळी अशी आहे की लहानपणापासून हिला सिनेमात जायचं असतं, मोठी नटी व्हायचं असतं. हे बालपण पडद्यावर चटकन उरकून घेतलंय. योग्यच आहे. मार खाणारी पोर बघायला कोण तिकीट काढतं? पिस्तूल हातात आलं की काढतात.

मग येतात मेलेली माणसं. ही निवडताना नवशिके हमखास फसतात. आयलीनच्या हातून पहिला मेला तो रिचर्ड मॅलरी, क्लिअरवॉटरचा इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार. त्याने बलात्कार केला, मी जीव वाचवायला गोळी घातली, असं तिने कोर्टात सांगितलं. याच मॅलरीने पूर्वी मेरिलँडमध्ये बलात्काराच्या प्रयत्नासाठी शिक्षा भोगली होती. हे ज्युरीच्या कानावर गेलंच नाही. ज्युरीने 1992 च्या जानेवारीत दोन तासांच्या आत तिला दोषी ठरवलं. जुनं रेकॉर्ड टीव्हीच्या बातमीदारांनी खणून काढलं तोवर मृत्युदंडाची शिक्षा सुनावून झाली होती. हे झालं पहिल्याचं. बाकीच्यांची असली काही रेकॉर्डं सापडली नाहीत, आणि एकाचा तर मृतदेहही मिळाला नाही. पुढे 2001 मध्ये बाईनेच फिरवलं: स्वसंरक्षण वगैरे काही नव्हतं, लुटायला मारले, आता मला मारून टाका. आणि त्यानंतर माहितीपटवाल्या निक ब्रूमफील्डपाशी, कॅमेरा बंद आहे अशा समजुतीने, कुजबुजली की स्वसंरक्षणच होतं, पण या कोठडीत आता राहवत नाही.

एवढा गुंता तिकीटबारीवर चालत नाही. सिनेमाने मधला मार्ग काढलाय. पहिल्या माणसाचं नाव बदलून त्याला पुरता राक्षस केला, आणि शेवटचा इतका भला केला की तो तिला मदत करू बघत असतो. म्हणजे पहिल्या गोळीला प्रेक्षक मनातल्या मनात टाळी वाजवतो आणि शेवटच्या गोळीला त्याला स्वतःचीच लाज वाटते. खरं सांगायचं तर मलाही वाटली. काम चोख आहे, हे कबूल केलंच पाहिजे.

पण मेलेली मुलं असतील तर विषयाला हात लावू नका. आपल्या कोल्हापूरचंच घ्या. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. 1990 ते 1996 या काळात पोरं पळवून आणायची, गर्दीत चोऱ्या करताना त्यांची ढाल करायची, आणि पोर जड झालं की मारून टाकायचं. यातही 'का' आहेच, पण तो विचारायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटते. 2019 मध्ये 'पोशम पा' नावाचा हिंदी सिनेमा ओटीटीवर आला. आला तसा गेला. यात सिनेमावाल्यांचा दोष किती आणि आपल्या पोटाचा किती, मला सांगता येणार नाही. प्रेक्षकाला खुनी बाईवर माया करायची असते हो, पण त्यासाठी मेलेले लोक मध्यमवयीन, जाडजूड आणि गाडीवाले असावे लागतात.

हक्कांच्या बाबतीत मात्र सुस्ती चालत नाही. आयलीनला 9 जानेवारी 1991 रोजी फ्लोरिडातल्या 'द लास्ट रिसॉर्ट' नावाच्या बारमध्ये पकडलं, आणि दोन आठवड्यांच्या आत तिच्या कहाणीचे हक्क विकले गेले होते. घरात कुणी गेलं तर आपल्याकडे तेराव्यापर्यंत वाटणीचं बोलत नाहीत, पण हा धंदा वेगळा. तपास करणारे काही पोलीस अधिकारीच सिनेमावाल्यांशी बोलणी करत असल्याचा आरोप झाला. एका घोडे पाळणाऱ्या श्रद्धाळू बाईंना प्रभूने सांगितलं म्हणून त्यांनी पस्तिशीच्या आयलीनला रीतसर दत्तक घेतलं. ब्रूमफील्ड मुलाखत मागायला गेला, तेव्हा याच मातोश्रींनी आणि वकिलाने मिळून 10,000 डॉलर घेतले. (त्याने तेही चित्रित करून माहितीपटात घातलं. याला म्हणतात निर्मितीमूल्य.) जिच्यासोबत आयलीन राहायची, जिच्यावर जीव टाकायची, त्या मैत्रिणीने पोलिसांच्या सांगण्यावरून फोन करून तिला बोलतं केलं. तिला वाचवायला म्हणून आयलीनने कबुली दिली. ज्या वर्षी मृत्युदंडाची शिक्षा सुनावली त्याच वर्षी टीव्हीवर चित्रपटही झळकला. 2001 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिच्यावर ऑपेरा झाला, ती कोठडीत जिवंत असताना. आपल्याकडे संगीत नाटकाची एवढी परंपरा, पण नांदी लिहायला अजून कुणी बसलेलं नाही.

या सगळ्यात एकाच व्यक्तीला पैसे मिळायची सोय नव्हती. गुन्हेगाराने स्वतःच्या गुन्ह्याच्या गोष्टीवर कमवू नये असा फ्लोरिडात कायदा होता. कायदा चांगला आहे. बाकीच्यांनी कमवू नये असं तो कुठे म्हणत नाही, हे नीट वाचून घ्या.

आता नायिका. इथे कंजुषी करू नका. अत्यंत देखणी बाई घ्या. साध्या चेहऱ्याच्या नटीने साध्या चेहऱ्याची बाई केली तर त्यात कसला अभिनय? 'मॉन्स्टर'मध्ये शार्लीझ थेरॉन होती, माजी मॉडेल, सहा फुटांच्या जवळ जाणारी. तिने सुमारे 14 किलो वजन वाढवलं, भुवया कमी केल्या, डोळ्यांत तपकिरी लेन्स घातल्या. चेहरा उन्हातान्हाने रापलेला दिसावा म्हणून रंगभूषाकार टोनी जी हिने टॅटूच्या पातळ शाईचे थरावर थर चढवले. तोंडात खोटे दात बसवले. फ्लोरिडाच्या हायवेवर अशा चेहऱ्याच्या बाया फुकट मिळतात, पण त्यांना घेतलं तर पुरस्कार समितीला फरक कसा दिसणार? आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी शेजारी छापता आले पाहिजेत. वजन कमी करायच्या औषधांची जाहिरात असते ना, तीच, फक्त उलटी.

हा सिनेमा मी आईबरोबर पाहिला, ही चूक झाली. ती पूर्ण वेळ दातांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "खोटे असून किती स्वच्छ बोलतेय बघ. नाहीतर माझी कवळी, 'श' म्हटलं की बाहेर येते. हिचा डॉक्टर कोण ते विचार." मी म्हटलं, आई, त्या बाईने सात माणसं मारली. "हो, पण जेवताना त्रास नसेल," आई म्हणाली. थेरॉनच्या अभिनयावर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलंय. रॉजर ईबर्टने तर सिनेमाच्या इतिहासातल्या थोर कामांत त्याची गणना केली. आमच्या घरातली दादही तीच समजावी.

मैत्रिणीचं नाव मात्र बदला. सिनेमात ती सेल्बी झाली, आणि क्रिस्टिना रिचीच्या रूपाने नाजूक, मोठ्या डोळ्यांची झाली. जिवंत माणसं वकील करतात. मेलेल्यांची नावंही बदलली गेली, पण त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल याचा विचार पटकथेच्या टप्प्यावर करू नका, झोप लागत नाही. त्या सातांपैकी कुणी कुणाचा नवरा होता, कुणी बाप. त्यांच्यावर कुणी ऑपेरा केल्याचं ऐकिवात नाही.

राहिला शेवट. शेवटाशिवाय मुहूर्त करू नका. फ्लोरिडा सरकारने याबाबत फार सहकार्य केलं. 9 ऑक्टोबर 2002 रोजी आयलीनला विषारी इंजेक्शन दिलं आणि सिनेमा पुढच्याच वर्षी, नाताळच्या तोंडावर, थिएटरात लागला. कोल्हापूरच्या प्रकरणात आपल्या सरकारने हीच बाजू सांभाळली नाही. अंजनाबाई खटल्याआधीच 1997 मध्ये तुरुंगात मेली. बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली, दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला 2014 मध्ये. मधल्या काळात फाइल कुठल्या टेबलावर चहाच्या कपाखाली होती, देव जाणे. 2019 मध्ये सिनेमा आला तेव्हा दोघी येरवड्यात बसूनच. शेवटी जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच दिरंगाईवर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. दिग्दर्शकाने अशा वेळी क्लायमॅक्स कशावर बांधायचा? इनवर्ड-आउटवर्डच्या शिक्क्यांवर?

शेवटच्या शब्दांचंही आधी ठरवून घेतलेलं बरं. आयलीनने शेवटचं जेवण नाकारलं, कॉफी घेतली, आणि जाताना सांगितलं की मी येशूबरोबर परत येईन, 'इंडिपेंडन्स डे' सिनेमातल्यासारखी, भलंमोठं यान वगैरे घेऊन. म्हणजे मरता मरता बाईने जाहिरात केली ती दुसऱ्याच कंपनीच्या सिनेमाची. 'मॉन्स्टर'ने हा प्रसंग घेतलाच नाही. कोर्टातून तिला बाहेर नेतात तिथेच सिनेमा संपतो. पडद्यामागून तिचा आवाज येतो: प्रेम सगळ्यावर मात करतं, श्रद्धेने डोंगर हलतात, जीव आहे तोवर आशा आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर असतात तसली वचनं ती एकामागून एक म्हणते, आणि मग म्हणते की त्यांना काहीतरी सांगावंच लागतं ना. त्या एका वाक्यापाशी मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ आईशी काही बोललो नाही. तुमच्या सिनेमात असलं वाक्य शक्यतो टाळा. प्रेक्षक घरी जाताना पॉपकॉर्न घेत नाही.

बाकी योग जुळून आला पाहिजे, तो तुमच्या हातात नाही. आयलीन जन्मली 29 फेब्रुवारी 1956 रोजी, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. एकूण अकरा वाढदिवस तिच्या वाट्याला आले. बारावा आला 29 फेब्रुवारी 2004 रोजी, रविवारी. त्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये थेरॉनला ऑस्कर मिळालं. वजन केव्हाच उतरलेलं होतं, भुवया पुन्हा आल्या होत्या. काय सुंदर दिसत होती!

आणि एक राहिलं. 'द लास्ट रिसॉर्ट' बारमध्ये, जिथे तिला खरोखर पकडलं आणि सिनेमाचं शूटिंगही जिथे झालं, तिथे तिच्या चेहऱ्याचे टी-शर्ट विकायला असायचे, आणि तिच्या नावाचा तिखट सॉससुद्धा. तुमचा सिनेमा पडला तर एवढा जोडधंदा हाताशी असू द्या. कोल्हापूरला तिखटाची कमी नाही, आणि चटणीला सेन्सॉर लागत नाही.