३६ अधिक २९ बरोबर ६२ कसे?

नमस्कार. कृष्णविवरांच्या विलीनीकरणावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "एकीकडे म्हणता विवरातून काहीच बाहेर येत नाही, दुसरीकडे म्हणता ३६ आणि २९ सूर्यांएवढी विवरं मिळून ६२चं एक झालं आणि तीन सूर्यांची ऊर्जा बाहेर पडली. वाचकांना गुंडाळू नका."

गुंडाळत नाहीये. ते तीन सूर्य विवरांच्या आतून आलेच नाहीत. दोघं एकमेकांपासून फार लांब असताना बेरीज ६५ असते. फिरत फिरत जवळ येताना त्यांच्याभोवतीचा अवकाशकाल (अवकाश आणि काळ यांची एकत्र वीण) घुसळतो आणि जोडीची ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे या विणीत उठणाऱ्या तरंगांतून, निघून जाते. लांबून मोजणाऱ्याला हीच वस्तुमानातली घट दिसते. घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, आतलं आतच राहतं. चार प्रोटॉनांचा हेलियम होतानाही सुमारे ०.७ टक्के वस्तुमान असंच कमी होतं आणि त्यावर सूर्य तळपतो. त्याला तुमची हरकत नसावी! इथे घट साडेचार टक्क्यांच्या वर आहे, एवढंच.

"मग विवर कधी लहान होत नाही, या हॉकिंगच्या नियमाचं काय?" हा प्रश्न मला जास्त आवडला. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा १९७१चा नियम वस्तुमानाचा नाही, क्षितिजाच्या क्षेत्रफळाचा आहे, आणि क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ३६चा वर्ग १२९६, २९चा ८४१, बेरीज २१३७. ६२चा वर्ग ३८४४. नवं विवर स्वतःभोवती वेगाने फिरतं म्हणून त्यातून थोडं वजा करा, तरी ३३००च्या वर उरतात. वस्तुमान घटलं, क्षेत्रफळ मात्र दीडपटीहून जास्त झालं. या नियमाने जवळजवळ १९ सूर्यांची ऊर्जा उधळायलाही मुभा होती. खर्च झाले तीनच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. नवं विवर जन्मताना वेडंवाकडं असतं आणि थरथरत काही मिलिसेकंदांत स्थिरावतं. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच या थरथरीचं भाकीत केलं होतं. तिच्या वारंवारितेवरून आणि ती किती लवकर विझते त्यावरून नव्या विवराचं वस्तुमान आणि परिवलन कळतं. २०२१ मध्ये संशोधकांनी या घटनेच्या लहरीच्या नोंदीचा विलीनीकरणाआधीचा आणि नंतरचा भाग वेगवेगळा मोजून दोन्ही क्षेत्रफळं ताडून पाहिली. नियम टिकला.

राहिली तुमची दुसरी तक्रार, की या विलीनीकरणाचा म्हणून ऐकवला जाणारा आवाज 'बनावट' आहे. अवकाशात आवाज नसतो, कबूल. पण १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेने) टिपलेली हीच लहर ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली, आणि ही वारंवारिता कानाच्या टप्प्यातलीच आहे. संकेत स्पीकरला दिला की ऐकू येतो. काही क्लिपांत स्वर मुद्दाम आणखी चढवतात, तिथे तुमची तक्रार रास्त आहे.