साल फाटली म्हणून झाड मरत नसतं

पावसाच्या तोंडावर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘साल फाटली, पापुद्रे सुटले की झाड संपलं, पडायच्या आधी तोडून घ्या. साल जेवढी जाड तेवढं झाड म्हातारं. तशीही साल म्हणजे मेलेली कातडी, खिळ्या-तारेनं तिला काही होत नाही.’ यंदा तो आमच्या कॉलनीत आला आणि पाठोपाठ कोपऱ्यावरच्या कडुलिंबाचा फोटो.

आधी भेगांचं बघू. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या अंगाला अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्या. खोडाचा घेर असा आतून वाढतो. बाहेरची साल मेलेली, ती कुठून वाढणार? पोरगं वाढलं की सदरा शिवणीत उसवतो, तशी ती उसवते. मधल्या काळात सालीच्या आत बुचाचा नवा पडदा धरतो, त्याच्या बाहेर अडकलेल्या पेशी पाण्यावाचून मरतात आणि जुन्या सालीत जमा होतात. त्याच कडुलिंबाची कोवळी फांदी हातात धरा, गुळगुळीत लागेल. खोड भेगाळलंय, कारण ते जाड झालंय.

पापुद्र्यांसाठी माझ्या परसातला पेरू बघा. नखानं तपकिरी पापुद्रा उचलला की खाली फिकट हिरवी, गार साल. दरवर्षी सोलतो, दरवर्षी लगडतो. दाजीपूरच्या जंगलात नाणा नावाचं झाड असंच सोलून पांढुरकं होतं, तर तिथल्याच ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोन-चौकोन फुटलेली. ज्याची त्याची जात.

जाडीवरून वय? जुन्या वडाची साल बऱ्यापैकी सपाट असते. काटेसावरीचं तर उलटंच : तरणेपणी बुंधाभर काटे, वय झालं की बुंध्यावरचे झडतात. पोर्तुगालमधल्या बुचाच्या ओकची साल साधारण २५ व्या वर्षी पहिल्यांदा काढतात, मग दर ९ वर्षांनी. झाड पुन्हा साल धरतं. २०२१ च्या दुरुस्तीनं राज्याच्या वृक्षकायद्यात ५० वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा आला. तिथं सालीचा फोटो दाखवून वय ठरवायला जाऊ नका.

‘मेलेली कातडी’ हे अर्धंच खरं. बाहेरची मेलेली, पण आतल्या सालीतूनच पानांनी केलेली साखर मुळांकडे उतरते. एका खिळ्यानं झाड सहसा मरत नाही, जखमेतून बुरशी मात्र शिरू शकते. तार त्याहून वाईट. खोड फुगतं, तार रुतते, साखर वरच अडते आणि खाली मुळं उपाशी. लाकडातून पाणी चढतच असतं, त्यामुळे शेंडा बरेच दिवस हिरवा. कुणाला शंकाही येत नाही.

झाड खरंच धोक्याचं असेल तर बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवतात, ठोकलं की पोकळ वाजतं, मुळांजवळची माती उचलते, किंवा साल गळून खाली नवी साल न दिसता उघडं, कोरडं लाकूड दिसतं.

आमच्या कडुलिंबाला यातलं काही नाही. छातीच्या उंचीवर मात्र एक तार सालीत गडप झालीय आणि तिच्या वर सालीचा जाड ओठ सुजलाय. फोटो टाकणाऱ्या काकांना जागेवर नेऊन दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, “ही व्हय? मांडवाची हाय ही. चार-पाच गणपती झालं असतील की.”