पोटशूळाची तीव्रता लोळण्यावरून ठरवू नका

माथेरान असो, महाबळेश्वर असो किंवा सारंगखेड्याचा बाजार, घोड्याला पोटशूळ उठला की भोवती जमलेली माणसे तो किती लोळतो आहे यावरून दुखण्याची तीव्रता ठरवतात. माझ्या मते ही पारख अपुरी आहे आणि पुष्कळदा फसवी ठरते. पोटात वायू धरलेला घोडा घामाघूम होऊन अंग टाकतो, खुराने माती उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो आणि वायू सरल्यावर पुन्हा चंदीत तोंड घालतो. याउलट एखादे काटक तट्टू आतड्याला पीळ पडलेला असतानाही मान खाली घालून कोपऱ्यात उभे राहते आणि मालक म्हणतो, "आज जरा सुस्त आहे."

म्हणून आधी नाडी पाहावी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर ती बोटांना लागते. 15 सेकंद मोजून चारने गुणले की झाले. विश्रांती घेत असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात, तट्टांचे थोडे अधिक. वेदनेने ते वाढतातच. पण 60च्या वर जाऊन तिथेच टिकले तर प्रकरण गंभीर समजावे आणि 80च्या पुढे गेले तर बहुधा रक्ताभिसरणच ढासळू लागलेले असते. सोबत ओठ उचलून हिरडी पाहावी. ती ओलसर, फिकट गुलाबी हवी आणि बोटाने दाबल्यावर दोन सेकंदांत तिचा रंग परतायला हवा. कोरडी, विटेसारखी लाल किंवा जांभळट हिरडी, आणि दोन्ही कुशींना कान लावूनही गुडगुड ऐकू न येणे, ही लक्षणे लोळण्यापेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहेत.

सर्वांत घातक गैरसमज अचानक आलेल्या शांततेबद्दलचा आहे. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे पुढचा मार्ग अडला की जठर तुंबत जाते आणि प्रसंगी फुटते. फुटल्यावर ताण सुटतो, घोडा थोडा वेळ शांत होतो, आणि नाडी चढती व अंग गार पडत असतानाही घरचे लोक "उतार पडला" म्हणून सुस्कारा सोडतात. अशा तुंबलेल्या जठरात बाटलीने तेल ओतण्याची आपल्याकडची हौस तर मला अक्षम्य वाटते, कारण ते तेल फुफ्फुसातही जाऊ शकते. नाकातून नळी घालून जठर मोकळे करणे हे पशुवैद्याचे काम आहे, आणि त्या नळीतून किती द्रव परत येतो यावरूनही त्याला आजाराचा अंदाज येतो.

वेदनाशामक इंजेक्शनाला माझा विरोध नाही. मात्र नाडी आणि हिरडीची नोंद न घेता कोणीतरी फ्लुनिक्सिन टोचले, तर पुढे तपासणाऱ्यासाठी बरीचशी लक्षणे झाकली जातात. नोंद करून दिलेल्या औषधानंतरही कळा परतल्या, तर शस्त्रक्रियेचा विचार तातडीने करावा लागतो.

माथेरानसारख्या ठिकाणी या तातडीचा अर्थ वेगळा आहे. वर मोटारींना बंदी असल्यामुळे आजारी जनावर आधी दस्तुरी नाक्यापर्यंत चालवत आणावे लागते. मग नेरळचा घाट आणि त्यानंतर परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयापर्यंतचा लांबचा रस्ता असतो. तेव्हा पशुवैद्याला पहिला फोन करतानाच नाडीचा आकडा, हिरडीचा रंग, शेवटची लीद कधी पडली आणि कोणते औषध किती वाजता दिले, हे सांगावे. घोडा हलवायचा की नाही हे त्याला तेवढ्यावरून बरेचसे ठरवता येते.